हमीदचाचांचा पहिला खंड

हमीदचाचांच्या हाती इंग्रजी शब्द पडला, की ते आधी त्याची शिवण उसवायचे. कसबा पेठेत त्यांचं बाइंडिंगचं दुकान. खळीत ब्रश बुडवत गिऱ्हाइकालाच विचारायचे, "चाइल्डहुड. शेपूट कुठं जोडलंय, सांगा!" गिऱ्हाईक 'हुड' म्हणजे टोपी म्हणालं, की स्वारी खूश. "टोपी नव्हे हो! अवस्था. पूर्वी स्वतंत्र शब्द होता, आता दुसऱ्याला चिकटून जगतो."

मी शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवत होतो. माझी सातवीतली मुक्ता मात्र रोज संध्याकाळी वही घेऊन चाचांकडे.

"बाबा, चाचांना सगळं येतं."

"आणि मला?"

"तुम्हाला स्पेलिंगं येतात."

बायको पोळी लाटता लाटता हसली. मी चौथी पोळी नको म्हणालो.

मग काहीतरी निमित्त काढून मी दुकानात टेहळणी केली. चाचांची सगळी विद्या एका जाडजूड व्युत्पत्तिकोशात होती. कुणीतरी बांधायला टाकलेला, परत न्यायला आलंच नाही. पहिला खंड, ए ते जी. रोजचा शब्द चाचाच का निवडतात, ते कळलं!

"उद्या त्यांना हेट्रेड विचार," मी मुक्ताला म्हटलं. "त्यातलं 'रेड' काय, म्हणावं." मला स्वतःला ठाऊक नव्हतं. पण सुरुवात एचपासून होती, तेवढं पुरे.

"चाचा उद्या सांगणार आहेत," ती दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाली. मी चार पोळ्या खाल्ल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद. चाचा सापडले वाचनालयात. अंगात इस्त्रीचा सदरा, पुढ्यात दुसरा खंड. मला पाहून दचकलेच.

"मास्तर, पोरीला सांगू नका हं. नात वारज्याला राहायला गेली, तेव्हापासून दुकानात बोलायला हीच एक. एकदा उत्तर आलं नाही, की हीपण यायची बंद होईल."

मग हातातला कागद माझ्यापुढे धरला. "तुम्ही इंग्रजीचे. बरोबर वाचलंय ना मी? हे 'रेड' म्हणजेसुद्धा अवस्थाच. आता दोनच शब्दांत उरलंय म्हणे. हेट्रेड आणि किंड्रेड. द्वेष, आणि आपली नातीगोती."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. चष्मा न लावताच.

संध्याकाळी मुक्ता दारात चप्पल घालत होती. "बाबा, चाचांना नाहीच आलं, तर तुम्ही सांगाल ना?"

"मला नाही येत. त्यांनाच विचार."

वीस वर्षांत हे वाक्य घरात पहिल्यांदाच उच्चारलं. तिनं क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पळत सुटली. थोडासा जळलोच; खोटं कशाला सांगू?