भेटीचा पेशंट

मरण ज्याचं त्याचं असतं. आजारपण मात्र सगळ्या भावकीचं असतं. म्हणूनच आष्ट्याच्या आकारामच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख सांगलीत ठरली, तेव्हा ती डॉक्टरांच्या आधी पै-पाहुण्यांनी कॅलेंडरवर लिहून घेतली.

भुलीच्या डॉक्टर अंकिताताईंनी आकारामच्या बायकोला, सुलाबाईला, बजावलं होतं, "रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. भुलीत उलटी फुप्फुसात गेली, तर माणूस हातचा जाईल."

सकाळी सहाला तानाजी मेहुणा थर्मास घेऊन हजर. "आवं, च्या म्हंजी काय खाणं हाय व्हय?" आकारामनं मान राखायला दोन कप घेतले. तारीख रद्द.

दुसऱ्या तारखेला बहीण शालूबाई आली. भाऊ उपाशी म्हटल्यावर तिचा जीव तुटला. तिनं केळं सोललं. (केळं उपासाला चालतं, यावर तिचा आणि शास्त्राचा मतभेद नाही.) तारीख रद्द.

"तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात," अंकिताताई म्हणाल्या. "हे हृदय आता किती दिवस काढेल, सांगता येत नाही."

सुलाबाई जिन्यात बसून पोटभर रडली. पाहुण्यांना येऊ नका म्हणावं, तर उद्या लेकीच्या, राणीच्या, लग्नाला मांडव ओस. येऊ द्यावं, तर कुंकवाचा धनी जातोय. मग पदरानं तोंड पुसून तिनं आपल्या भावाला, नानासोला, फोन लावला.

नानासो फौजेतून रिटायर झालेला, वजन ब्याण्णव किलो, पोट दगड पचवणारं. तिसऱ्या तारखेला पहाटेच आकारामला वरच्या मजल्यावर हलवलं आणि त्याच्या खाटेवर नाकापर्यंत ब्लँकेट ओढून नानासो झोपला. अंकिताताई आधी म्हणाल्या, "असलं इथं चालत नाही." मग दोन रद्द तारखा आठवून म्हणाल्या, "सलाईनची नळी नुसती चिकटपट्टीनं लावा."

कुणी ओळखलं कसं नाही, असा प्रश्न शहरी माणसाला पडेल. आजाऱ्याच्या तोंडाकडं बघायची आपल्याकडं रीतच नाही. बघायचं ते सलाईनकडं, आणि आपल्या आधी कोण येऊन गेलं त्याकडं.

त्या दिवशीचा तपशील: भेटणारे एकसष्ट. चहा बावीस कप. केळी चौदा. पेढ्यांचा पुडा एक, शिल्लक शून्य. "आमच्या गावात असंच झालंतं, गेला बिचारा," हे धीराचे शब्द नऊ वेळा. आणि एकमुखानं निदान: "पार वाळलाय गडी!"

वर आकारामची छाती उघडली, पायाची शीर काढून हृदयाला जोडली, छाती शिवली. दुसऱ्या दिवशी घशातली नळी निघाली, तेव्हा अतिदक्षता विभागात त्याच्याजवळ एकटी सुलाबाई होती.

"कुणी आलं न्हाई व्हय गं?" त्यानं खरखरत्या आवाजात विचारलं.

"समदी येऊन गेली. तुमी लय वाळलाय म्हणत्यात," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

दवाखान्याला ही सोय इतकी पसंत पडली, की नानासोला तिथं कायमची खाट मिळाली. गेल्या दिवाळीत तुम्ही सांगलीला मामांना भेटायला गेला होता, आठवतंय? नाकापर्यंत ब्लँकेट होतं. तुम्ही सलाईनकडं बघून "निम्मे झालात हो" म्हणालात, केळं सोलून भरवलंत आणि कर्तव्य केल्याच्या समाधानानं एसटी धरलीत.

मामा वरच्या मजल्यावर होते. केळं गोड होतं, असं नानासोनं कळवलंय.