डब्यातल्या सासूबाई

एका रिकाम्या रविवारी खुशालबाबूंनी डबा नीट लावायचं मनावर घेतलं आणि घराला अवकळा आली. (रिकामा रविवार आणि खुशालबाबू यांना एकत्र सोडू नये, हे त्यांच्या बायकोला, कांताबाईंना, ठाऊक होतं. पण त्या नेमक्या नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या.)

डबा म्हणजे भाजीचा नव्हे. त्यांचा मुलगा अमर पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. दोन हजार नऊ साली सुट्टीत घरी अहेरीला आला तेव्हा त्याने इंटरनेटच्या यंत्राशेजारी एक काळा डबा जोडून ठेवला. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यात भरले. भिंतीवरचा टीव्ही लावला की सगळं गणगोत हजर. अमर परत गेला, डबा राहिला.

त्यात कांताबाईंच्या आईचा, सुगंधाबाईंचा एकुलता एक व्हिडिओ होता. खुशालबाबूंनीच काढलेला. म्हातारी त्यानंतर फार जगली नाही. कांताबाईंनी तो व्हिडिओ अजून बघितला नव्हता, छातीच होत नव्हती. पहिल्या स्मृतिदिनाला सगळ्यांसोबत बघीन, एकटीनं नाही बघवणार, असं त्या म्हणत. आईचा आवाज आपण विसरत चाललोय याची त्यांना भीती वाटे आणि ती त्या कोणापाशी बोलत नसत.

खुशालबाबू लाकूड डेपोत बाबू. तिथे झाड आलं की फांद्या छाटायच्या, ओंडक्यावर क्रमांक टाकायचा आणि थप्पी लावायची. घरच्या कॉम्प्युटरवर डब्यातला कारभार बघून त्यांचा जीव कळवळला. काय ती वेडीवाकडी नावं, आणि प्रत्येक नावामागे टिंब देऊन तीन इंग्रजी अक्षरांचं शेपूट! त्यांनी एकूण एक शेपूट छाटलं आणि सुबक नावं दिली. 'सासूबाई क्रमांक एक'. 'नूतनचे लग्न, जाड माल'. 'नूतनचे लग्न, किरकोळ'. कॉम्प्युटर दर वेळी इंग्रजीत काहीतरी धोक्याचं विचारी आणि खुशालबाबू दर वेळी 'हो' दाबत. (उभ्या नोकरीत त्यांनी सही करण्याआधी मजकूर म्हणून वाचला नव्हता.)

स्मृतिदिनाला एटापल्लीहून कांताबाईंचा भाऊ संघपाल आला, मावश्या आल्या. वंदना झाली, जेवणं झाली. सगळे सतरंजीवर टीव्हीसमोर बसले. खुशालबाबूंनी ऐटीत रिमोट उचलला. टीव्हीला डबा दिसला, डब्यातला कप्पाही दिसला. कप्प्यात मात्र काहीच नव्हतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. त्यांनी वायर काढून फुंकर मारली. डबा बंद करून चालू केला. टीव्हीच्या कडेला दोन चापट्या मारल्या. शेवटी सगळा दोष अहेरीच्या विजेवर ढकलून ते मोकळे झाले. एक मावशी पुटपुटली की म्हातारी जिवंतपणीही जावयासमोर यायला लाजायचीच. कोणी हसलं नाही. कांताबाईंचा चेहरा उतरत गेला.

"पुसून टाकलं काय जी तुमी?" त्यांनी हळूच विचारलं.

खुशालबाबूंनी पुण्याला अमरला फोन लावला. अमरने कॉम्प्युटरवर दिसतात ती नावं वाचायला सांगितली. 'सासूबाई क्रमांक एक' ऐकल्यावर त्याने तिथेच थांबवलं.

"बाबा, नावामांगं टिंब अन तीन अक्षरं होते न? ते कुठी गेले?"

"छाटले."

"काऊन?"

"फांद्या ठेवून कोनी माल रचते काय?"

अमरने समजावलं, की त्या अक्षरांवरूनच डब्याला कळतं, हा फोटो आहे की व्हिडिओ. ती नसली तर डबा फाईल टीव्हीला दाखवतच नाही. मग त्याने एकेक अक्षर सांगितलं आणि खुशालबाबूंनी एका बोटाने सासूबाईंना शेपूट परत जोडलं. डब्याला फाईल शोधायला वेळ लागेल, अमर म्हणाला. सगळे थांबले. एटापल्लीची बस निघून गेली, तरी संघपाल उठला नाही.

आणि सुगंधाबाई भिंतीवर आल्या. अंगणात बाजेवर बसलेल्या, डोक्यावर पदर. कांताबाईंनी तोंडावर हात धरला.

आवाज आला तो खुशालबाबूंचा. आई, इकडे पाहा. एवढं नाही. पदर सारखा करा. आता बोला, पण थांबा, आधी मी ओळख करून देतो. आणि कॅमेऱ्यामागून त्यांनी सासूबाईंची ओळख करून दिली. त्या ओळखीत त्यांची स्वतःची नोकरी आणि बढतीही आली. म्हातारीने मधे दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "तुमचं झालं असन तं मी बोलू काय, जावईबापू?"

"बोला न जी," खुशालबाबूंचा आवाज म्हणाला, आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

एवढंच होतं. अख्ख्या जन्माचं एवढंच उरलं होतं.

कांताबाईंनी डोळे पुसले, हात पुढे केला आणि रिमोट घेतला. व्हिडिओ पुन्हा लावला. नवरा बोलत होता तोवर आवाज बंद ठेवला, आईचे ओठ हलले तेव्हा वाढवला. मग पुन्हा लावला. पुन्हा तसंच. मावश्या रडत होत्या, संघपाल खाली बघत होता.

खुशालबाबूंना राहवेना. अपराध डाचत होता आणि गप्प बसायची सवय नव्हती. "कांता, मधातलं बी आयक न. तुह्या आईची ओळख मी कशी..."

कांताबाईंनी भिंतीवरून नजर न काढता रिमोट त्यांच्याकडे वळवला आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं.

खुशालबाबू बंद झाले.