मोशेच्या पलटणीतले साळवे हवालदार

आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरी संडास आहेत. साळवे हवालदारांच्याही घरी आहे. तरी त्यांच्या दाराला एक खुरपं कायम टांगलेलं असतं. त्यांचं म्हणणं, बायबलातल्या मोशेच्या, म्हणजे इस्राएलाच्या, फौजेत प्रत्येक शिपायाला हत्यारांबरोबर खणायलाही काहीतरी जवळ बाळगावं लागे. छावणीबाहेर जायचं, खड्डा करायचा, उरकायचं, वर माती लोटायची. "कावून?" असं हवालदार स्वतःच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात, "छावणीतून देव फिरायचा, गुरुजी. त्याचा पाय भरला म्हंजी?" आमच्या शिरूर कासारात स्वच्छतेची पथकं आली आणि गेली, पण उघड्यावर बसलेला माणूस लांबून हवालदारांच्या हातात ते खुरपं दिसलं की अर्ध्यातून उठतो.

याकोब साळवे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या आसपास, पाठ अजून ताठ. गावातल्या पाच-सहा ख्रिस्ती घरांचं एक प्रार्थनाघर आहे, तिथं ते रविवारी शास्त्र वाचतात. त्या शास्त्रात दया, क्षमा, सगळं आहे म्हणे. पण कुठूनही सुरुवात केली तरी हवालदार फौजेवर येऊन थांबतात. मी निवृत्त शिक्षक, देवघरात विठोबा असलेला माणूस. पण वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिल्यावर मोशेच्या फौजेचं संचलन मलाही पाठ झालं आहे. सगळ्यांत पुढं कराराचा कोश, म्हणजे देवाची पेटी, तिच्याबरोबर याजक, म्हणजे पुजारी, मग कर्णे, भालेवाले त्यानंतर. "लढाई देवाची, मानूस नुस्ता हजर," हे हवालदारांचं पालुपद. बायको दळण आणायला सांगते तेव्हा हल्ली मीही तेच म्हणतो. तिच्यावर काही परिणाम होत नाही.

गिदोन नावाच्या सेनापतीनं पाणी पिण्यावरून शिपाई निवडले होते. ओंजळीनं पाणी तोंडाशी नेणारा कामाचा, गुडघे टेकून तोंड लावणारा घरी. हवालदार ही परीक्षा गल्लीतल्या नळावर घेतात. एकदा मी उन्हातून आलो आणि वाकून सरळ नळाला तोंड लावलं, तर मागून आवाज आला, "गुरुजी, तुमी घरी!"

मध्यंतरी एका कचेरीत त्यांचा हयातीचा दाखला अडला. गृहस्थ समोर उभा आणि कागद म्हणतो, पुरावा आणा. हवालदारांनी वाद घातला नाही. यरीहो शहराचा तट पाडायला इस्राएलांनी घातल्या तशा सहा दिवस कचेरीला रोज एक फेरी घातली. सातव्या दिवशी सात फेऱ्या आणि शेवटी शिट्टी. परत आल्यावर दाखला दाखवत म्हणाले, "भिंत न्हाई पडली, पर कारकून बाहेर आला."

पण त्यांचा खरा जीव त्या फौजेच्या सुट्टीवर. लढाईआधी अंमलदार पलटणीपुढं उभा राहून विचारायचा. नवं घर बांधून त्यात राहिला नाही असा कोण आहे? त्यानं घरी जावं. बाग लावून फळ चाखलं नाही? घरी जावं. भ्याला आहे? त्यानंही जावं. आणि नवीन लग्न झालेल्याला तर वर्षभर न्यायचंच नाही. त्यानं घरी राहून बायकोला आनंद द्यायचा. "अशी पलटन जगात कुठं हाय का?" असं ते दर महिन्याला मला विचारत.

आमच्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता पुरा व्हावा म्हणून पुष्कळ लग्नं घाईनं उरकतात. गेल्या वर्षी समोरच्या विष्णूचं असंच उरकलं. अर्चनाच्या हातावरची मेंदी गेली नव्हती आणि गाडी निघायचा दिवस ठरला. हवालदार मुकादमाकडे तीनदा गेले, "ही जोडी एक वर्स घरी ठेवा." मुकादम तिन्ही वेळा हसला.

गाडीच्या दिवशी सकाळी सगळे चढले होते. अर्चना मागच्या फळीला धरून, मान खाली घालून बसली होती. हवालदार जुना फौजी कोट घालून गाडीच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले आणि ओरडले, "नवं घर कुनाचं हाय? अजून ऱ्हायला न्हाई असा कोन? खाली उतरा!"

आता गावात घरकुलं झालेली. सात माणसं सटासट उतरली.

"बाग कुनी लावली? फळ खाल्लं न्हाई?" नव्या सीताफळीची दोन कुटुंबं उतरली.

"भ्या कुनाला वाटतंय?"

ड्रायव्हर उतरला.

"तू कावून उतरला बे?" मुकादम किंचाळला.

"ब्रेक लागत न्हाईत," ड्रायव्हर म्हणाला. "कवाचं सांगायचं म्हनत होतो."

मग उरलेलेही भराभरा उतरले. गॅरेजवाला रफीक मिस्त्री गाडीखाली शिरला. मुकादमाची लई फजिती झाली. माणसं गोळा करता करता त्याला घाम फुटला. शेवटी तो हवालदारांपुढं हात जोडून म्हणाला, "घ्या ती एक जोडी! बाकीच्यास्नी चढवा. पन माझा एक कोयता कमी पडला, त्याचं काय?"

हवालदारांनी पारावर ठेवलेली आपली वळकटी उचलली. "मी हाय."

"एकटा मानूस म्हंजी अर्धा कोयता, मामा."

"आसू दे अर्धा. मोळ्या बांधीन."

मला राग आला, खरं सांगतो. त्यांची पिशवी वर देताना मी म्हणालो, "हवालदार, हे वय आहे का? कोण लागतात ती पोरं तुमची?"

ते फळीवर ओणवले आणि हळू आवाजात बोलले. "माजं लगीन झालं, गुरुजी, अन् नवव्या दिशी पलटनीची तार आली. हजर झालो. पाच म्हैन्यांनी ती तापानं गेली. ह्यो नेम शास्त्रात हाय, हे मला मागून घावलं. आदी घावलं आसतं तर सायबाच्या टेबलावर ठिवलं आसतं." थोडं थांबून म्हणाले, "नऊ दिस नुस्ती लाजत होती. ती हसती कशी, मला म्हाईत न्हाई."

वीस वर्षं मी त्यांना ब्रह्मचारी समजत होतो.  मी पिशवीचा बंद उगीच घट्ट करत राहिलो. रफीकनं ब्रेक दाबून दाखवला, गाडी हलली, विष्णू आणि अर्चना रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

आठ दिवसांनी उसाच्या फडावरून हवालदारांचा फोन आला. पाठीचं विचारलं, तर ते बोलायलाच तयार नव्हते. "पोरगी कशी हाय?" एवढंच.

"बरी आहे. काल हसताना ऐकली," मी म्हणालो.

 मग हवालदारांनी विचारलं, "कशावर?"