शोकसभेतला चेंडू

"फरशीचं माझ्यावर सोडा, सर! माझ्या फरशीवर मुंगीचासुद्धा पाय घसरतो!"

असं छाती फुगवून सांगणारा माणूस शोकसभांच्या हॉलचा रखवालदार होता. बारा वर्षं त्याने लोकांची रडारड ऐकली आणि त्यांच्यामागे फरशी पुसली. फुशारकी मारावी अशा दोनच गोष्टी त्याच्याकडे होत्या, एक ती फरशी आणि दुसरी अकरा वर्षांची लेक.

लेक फुटबॉल खेळायची. धावायची वाऱ्यासारखी, पण चेंडू पायाला लागला की टिचकी मारल्यासारखा भलतीकडेच उडायचा. क्लबचे प्रशिक्षक असलेले सर तिला टिचकी म्हणायचे, ते त्यामुळेच. मुलींच्या संघाची निवड महिन्यावर आली होती.

"हिचा पाय घाबरतो," सर बापाला म्हणाले होते. "फुटसाल खेळव, म्हणजे हॉलमधला फुटबॉल. चेंडू लहान आणि जड, फारसा उसळत नाही. टणक फरशी, जागा कमी. तिथे तळव्याखाली चेंडू थांबवायला शिकली की मैदानावर आपोआप जमेल. शेवटच्या आठवड्यात मी स्वतः येऊन बघतो."

झालं! रोज सकाळी फरशी पुसून झाली की हॉलमध्ये सामना सुरू. चार खुर्च्या विरुद्ध संघात, बाप गोलकीपर. पहिल्या आठवड्यात चेंडूने दोन कुंड्या फोडल्या आणि बापाचा एक दात हलवला. तिसऱ्या आठवड्यात चेंडू निमूट तिच्या पायाखाली थांबायला लागला. आता फक्त सरांनी यायचं बाकी होतं.

शेवटच्या आठवड्यात सर आले. पण फोटोतून. झोपेतच गेले, म्हणे.

लेक रडली नाही. सभेच्या दिवशी सकाळी चेंडू काखेत मारून उभी राहिली.

"खेळायचं, बाबा."

"अगं, आज दहाला सरांचीच सभा आहे!"

"मग दहापर्यंत खेळू."

बापाला नाही म्हणवेना. शोकसभेला लोक वीस मिनिटं उशिराच येतात, हा त्याचा बारा वर्षांचा अनुभव! पण हे लोक सरांच्या हाताखालचे होते. नऊचा सामना असला की साडेआठला मैदानावर हजर राहायचं, ही सरांची शिस्त. साडेनऊच्या ठोक्याला दार उघडलं आणि सत्तर माणसं बूट वाजवत आत!

बापाने टेबलावरची पांढरी चादर उचलली, चेंडू आत सारला, वर फोटो टेकवला, भोवती फुलं ओतली. लेकीच्या हातात फडकं दिलं. टेबलाला पोट आल्यासारखं दिसत होतं.

"हे काय वर आलंय?" क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं. सरांच्या जागी आता संघ तेच बघणार होते.

"फोटोला आधार, साहेब!"

"छान. सर कलले असते तर बरं दिसलं नसतं."

सेक्रेटरी बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. "शिस्त! सरांनी आपल्याला शिस्त दिली!" म्हणत त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली. आणि चादरीखालून चेंडू हळूच बाहेर डोकावला. फोटो आडवा झाला. धप्प!

स्तब्धतेत बोलायचं कसं आणि वाकायचं कसं? चेंडू पहिल्या रांगेतल्या, क्लबच्या म्हाताऱ्या गोलकीपरच्या बुटाशी आला. त्याने चेहरा सुतकीच ठेवून तो शेजाऱ्याकडे सरकवला. शेजाऱ्याने पुढच्याकडे. सत्तर माणसं दुःखात बुडालेली आणि खाली पास चाललेले! रखवालदाराला नोकरी जाताना डोळ्यांसमोर दिसत होती. सेक्रेटरींनी दोन्ही पाय जुळवून चेंडू अडवायचा ठरवला, पण पाय जुळायच्या आत तो मधून सटकला आणि थेट सरांच्या पत्नीकडे निघाला.

टिचकी फडकं टाकून धावली. तळवा पडला. चेंडू जागच्या जागी थांबला, खिळा ठोकल्यासारखा.

"रोज इथे खेळायचीस?" सरांच्या पत्नीने विचारलं.

"हो. सर बघायला येणार होते," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडायला लागली. एवढी रडली, की फरशी ओली झाली, आणि पुसणाऱ्या बापाला फडकं उचलायचंही सुचेना.

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सरांची निवडयादी होती ती, उशीखाली सापडलेली. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'टिचकी', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"पेन आहे का?" त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि कागद सेक्रेटरींपुढे धरला.

"वहिनी, निवडीचे काही नियम असतात…"

"तुमच्या पायांमधून गेला ना आत्ता? तिने थांबवला!" मागून म्हातारा गोलकीपर म्हणाला.

सेक्रेटरींनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मुकाट सही केली.

दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला. हॉलमध्ये चेंडू आणण्यास सक्त मनाई, तशी पाटी ताबडतोब लावावी. रखवालदाराची नोकरी वाचली होती, ती हुकूम पाळण्यासाठीच. पाटी त्याने स्वतःच्या हातांनी भिंतीवर ठोकली, अगदी सरळ. सकाळी साडेनऊला, लेकीचा हॉलमधला सराव आटोपल्यावर!