डब्यातली लॅब

उद्यमबागेतल्या कारखान्यांत माझ्याएवढं बारीक काम कोण करत न्हाय! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोण सांगत न्हाय.

जेवणाच्या डब्याएवढं यंत्र केलं मी. नळीत थुंकी घाला, अर्ध्या तासात ते क्षयाच्या जंतूची जनुकं हुडकून काढतं. आतला कॅमेरा नळीचा रंग बघतो. गुलाबी म्हणजे सुटलात, पिवळा म्हणजे क्षय!

आता उद्यमबागेतनं नवं यंत्र पूजेशिवाय बाहेर पडत न्हाय. नारळ फोडला, झाकण उघडलं आणि ओली हळद बोटानं आत लावली.

"अहो, आत कशाला?" बायको, विनोदिनी, म्हणाली.

"काम मनापासनं केलंय, पूजा वरवर करू?"

"आधी तुमचा खोकला तपासा. महिना झाला."

"भट्टीचा धूर गं तो!"

खानापूरजवळच्या एका गावात डॉक्टर निवेदिता वाट बघत होत्या. म्हणाल्या, "नागेंद्रअण्णा, आज बरोबर चाललं तरच यंत्र इथं ठेवून घेईन. न्हायतर परत न्या."

दोन वर्षांची मेहनत! मी यंत्र चालू केलं.

गावकरी रांगेत उभे. पहिल्या मालुबाई. पिवळा! त्यांच्यामागनं मष्णूआप्पा. पिवळा! आठ जण तपासले, आठही पिवळे!

"मला साधी शिंकबी न्हाय रं!" मालुबाई कडाडल्या.

"अख्खं गावच गेलं की!" मष्णूआप्पांनी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांनी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घातलं. पिवळं!

"अण्णा, पाण्यालाबी क्षय?"

झाकण उघडलं. माझी भक्ती नेमकी कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेली! लाजेनं मान वर होईना. रुमालानं काच पुसली, सगळ्या नळ्या परत लावल्या. पाणी गुलाबी, आठही जण गुलाबी. गावानं सुस्कारा सोडला.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या, "पण खरा आजार याला कळतो का, हे कसं समजायचं? खोकला असलेलं कोण हाय इथं?"

तेवढ्यात मला ठसका लागला. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

अर्ध्या तासानं पिवळा.

काच तीनदा पुसली हो! पिवळाच. मोठ्या दवाखान्यातपण तेच निघालं.

यंत्र पास झालं, गावातच राहिलं. मी सहा महिने गोळ्यांवर. पहिल्या दिवशी पाकीट हातात घेऊन मी देव्हाऱ्याकडं वळलो, तर विनोदिनीनं हळदीचा करंडा उचलून फडताळात ठेवला.

"नुसत्या गिळा," म्हणाली.

गिळल्या.