खंडेनवमीला पूजलेली फ्लॉपी

पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर लालासाहेब सुभेदारांनी ठरवलं, की पोरीला शिकायला अडवायचं नाही. (ठरवायला ते पटाईत, निभावायचं काम बायकोचं, चंद्राबाईंचं.) म्हणून सत्त्याण्णव साली अंकिता इस्लामपूरहून एसटीनं सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली. अट एकच होती. दसऱ्यानंतरची परीक्षा पास झाली तर पुढचा कोर्स, नाहीतर तासगावचं स्थळ.

परीक्षेसाठी दोन महिने खपून केलेलं काम तिनं फ्लॉपीवर घेऊन घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सुभेदारांनी पाटावर कोयते, विळे, ट्रॅक्टरची किल्ली मांडली. मग त्यांना वाटलं, पोरीचंही हत्यार पूजेला हवं. छाती अभिमानानं भरून आली. त्यांनी फ्लॉपीवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. वरची पत्र्याची झडप सरकते हे कळल्यावर आतल्या काळ्या चकतीलाही गंध लावलं. (अर्धवट काम पलटणीत चालत नसे.)

अंकितानं ते पाहिलं आणि ती धावत आली.

"आबा, हे काय केलंसा?"

"पूजा. तुजं हत्यार न्हाई व्हय हे?"

"आवं, दोन म्हैन्याचं काम हाय त्यात."

"मग पुसून देतो की." त्यांनी पंच्यानं चकती खसाखसा पुसली.

"बास," चंद्राबाई म्हणाल्या. "आता कशाला हात लावू नगासा."

सुभेदारांना पुरणपोळी गोड लागेना. लेकीचं शिक्षण आपल्याच हातानं मोडलं, या विचारानं त्यांना फार वाईट वाटलं. रात्री चंद्राबाईंना बोलून दाखवल्याप्रमाणे दसऱ्याला सकाळीच ते एसटीडी बूथवर गेले आणि तासगावला कळवून आले, की पोरगी नापास झाली तरी शिकणार, स्थळाचा विषय संपला.

घरी येऊन त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा अंकिता शांतपणे म्हणाली, "क्लासात दुसरी कॉपी हाय माजी."

"मग काल का बोलली न्हाईस?"

"आई म्हणाली, फोन हुस्तवर थांब."

चंद्राबाईंना एकदम भाजी ढवळायची आठवण झाली.

"पर दुसरी कॉपी ठिवलीस कशापायी?"

"सरांनी पयल्याच दिवशी इचारलं हुतं, घरात फ्लॉपीला धोका कशाचा? कुनी धूळ सांगितली, कुनी उंदीर."

"आन तू?"

"मी एकटीनंच मानसाचं नाव सांगितलं."