भाऊरावांची दोरी

भाऊराव इंगळे कोणाच्याही घरी गेले की आधी अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी चिमटीत धरून नखानं खरवडत. मग खुर्चीत बसत आणि घरातून पाणी यायच्या आत निकाल देत, "मेली हाय. बदला." पुतण्यासाठी अकोल्याला मुलगी पाहायला गेले, तर परसातल्या विहिरीचा दोर तपासून आले. "पोरगी मस्त हाय," परतीच्या गाडीत म्हणाले, "पन त्या दोरानं पानी नोका काढू देऊ तिले." लग्न जमलं. मुलीकडच्यांनी दोरही बदलला.

अमरावतीच्या कचेरीत आम्ही शेजारच्या टेबलांवर बसायचो. मासे धरणं हा त्यांचा एकच नाद. बाकीचे लोक वडाळीच्या तलावावर बांबूची काठी आणि गळ घेऊन जायचे. यांच्याकडे काठीला लावायची विलायती चरखी होती, देश सोडून गेलेल्या कुण्या साहेबाच्या सामानातली. तिच्यावर गुंडाळायच्या दोरीचं शास्त्र मी वर्षानुवर्षं ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, आवडीनं ऐकलं.

"कवा बदलाची, सांगा?" असं विचारून उत्तरही तेच द्यायचे. "गळाजवळचे चार हात गोट्यावर घासून मरतेत, तेवढे कापून फेका. पावसाळा सरला का सारी उतरवा अन् उलटवा, आतलं टोक भायेर. सदऱ्याची कॉलर उलटवता ना, तसं. दुसऱ्या साली नवी. मेलेल्या दोरीवर माया नाही कराची!"

नवी दोरी चढवायला मात्र माणसं दोन लागत. एकानं चरखी फिरवायची, दुसऱ्यानं ओल्या चिंधीत दोरी दाबून ताण धरायचा. ताण ढिला राहिला की मासा ओढतो तेव्हा वरची दोरी खालच्या वेढ्यांत रुतते, अडकते आणि तुटते. हा ताण फक्त त्यांची बायको, आमच्या वहिनी, धरायच्या. मी एकदा हात पुढे केला, तर भाऊराव म्हणाले, "तुमी फायली धरा."

वहिनी हसायच्या. "सालभर हे माह्यावर ओरडतेत, का बाई ताणून नोको धरू. अन् आज म्हनतेत, धर!"

मग एका उन्हाळ्यात वहिनींना लकवा मारला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला. वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "हात मेला माहा. आता दुसरं मानूस पाहा चरखीले."

"थे मले ठरवू दे," भाऊराव म्हणाले.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी दोरी बदलू लागले. तीच दोरी! उतरवायची, वहिनींच्या उजव्या चिमटीत चिंधी द्यायची आणि पुन्हा चढवायची. कचेरीत लोक म्हणाले, इंगळे कामातून गेले. घरात मात्र "दाब, अजून दाब" चालू होतं. दिवाळीपर्यंत वहिनींची बोटं मिटायला लागली. एका रविवारी त्यांनी सगळी दोरी न थांबता चढवून दिली. मी चरखीवर अंगठा ठेवून पाहिला, वेढे कापसासारखे मऊ! मी तोंड उघडणार, तोच भाऊरावांनी मला डोळ्यानं गप्प केलं.

"पक्की बसली," ते म्हणाले आणि तशीच चरखी घेऊन तलावावर निघाले.

मीही गेलो. तासाभरात हातभर लांबीची मरळ लागली. तिनं एकच हिसका दिला, दोरी वेढ्यांत रुतली आणि तटकन तुटली. एवढी मोठी मरळ भाऊरावांना जन्मात लागली नव्हती. त्यांनी उरलेली दोरी गुंडाळून घेतली. मी मनात म्हटलं, असा माणूस पुन्हा पाहायला मिळायचा नाही.

घरी वहिनी दारातच बसल्या होत्या. "काय झालं? माही दोरी ढिली होती का?"

"दोरी लोखंडावानी होती. माहाच आंगठा सुटला."

"एवढ्या वर्षांत धड मासा ओढता नाही आला तुमाले!" वहिनी कडाडल्या. आजारपणानंतर त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "उद्या नवी दोरी आना. मी ताण धरतो, पाहू कशी तुटते थे!"

"आनतो ना," भाऊराव मान खाली घालून म्हणाले, आणि मला दिसू नये म्हणून तोंड फिरवून हसले.